दुपारची पिशाचं

आमच्या घरात रक्तपिशाचांचे सिनेमे दुपारीच बघायचे असा नियम आहे. रविवारी, जेवणं झाल्यावर, पडदे ओढून. नियम बाबांचा. मी लहान असताना आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. तेव्हा व्हीसीआर शनिवारी संध्याकाळी भाड्याने यायचा आणि सोमवारी सकाळी परत जायचा. शनिवारी आई देवाधर्माचं काहीतरी लावायची, मग आजूबाजूच्या क्वार्टरमधली मंडळी मारामारीचं बघायला जमायची, आणि बाबांच्या वाट्याला उरायची ती रविवारची दुपार. खिडकीवर सोलापुरी चादर टांगून ते अंधार करायचे. मी त्यांच्या शेजारी, मांडीवर दाण्यांची वाटी. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, पोरीला काय दाखवताय हे? झोपेत किंचाळेल!" बाबा म्हणायचे, दुपारी भ्यायलं की चार वाजताच्या चहापर्यंत उतरतं. खरंच उतरायचं.

बाबांची पिशाचं काळीपांढरी. उंच माणूस, लांब झगा, चापून बसवलेले केस, आणि बोलणं इतकं सावकाश की तेवढ्यात समोरच्याने स्टॉपवर जाऊन बस पकडली असती. धुकं एवढं की किल्ला आहे की सरकारी गोदाम ते कळू नये. वटवाघूळ दोरीला बांधलेलं असायचं आणि दोरी चक्क दिसायची. मी ओरडायचे, "बाबा, दोरी!" ते म्हणायचे, "त्यांनी एवढी मेहनत केलीय, आपण थोडं दुर्लक्ष करावं." पण या पिशाचांचे कायदे मात्र कडक. लसूण चालत नाही, क्रॉस चालत नाही, ऊन चालत नाही, आरशात प्रतिबिंब पडत नाही. आणि बाबांचा सर्वात लाडका कायदा म्हणजे, घरातल्या माणसाने तोंडाने 'ये' म्हटल्याशिवाय पिशाचाला उंबरा ओलांडता येत नाही. "बघ," ते मला सांगायचे, "एवढा ताकदवान, पण दारात उभा. याला म्हणतात रीतभात."

आता मी चोपन्नची आहे आणि बाबा ब्याऐंशीचे. मयूर विहारला सोसायटीत आमचा फ्लॅट आहे. म्हणजे बाबांचा. ऑफिसातल्या लोकांनी मिळून सोसायटी केली होती, त्यात त्यांनी घेतला. दारावर पाटी त्यांची आहे. आई गेली त्याला नऊ वर्षं झाली. माझं लग्न झालं आणि मोडलं, तो विषय इथे नको. मी नोएडात एका कंपनीत एचआरमध्ये आहे. लोकांना नोकरी देण्यापेक्षा नाही देत हे सांगण्यातच माझा जास्त वेळ जातो. तेही असं सांगायचं की माणसाने उलट थँक यू म्हणावं. या कामात मी तरबेज आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते कामी आलं.

चार वर्षांपूर्वी बाबांच्या डोळ्यांचा मधला भाग जायला लागला. कडेचं दिसतं, मधलं नाही. समोर बघितलं की समोरचा माणूस पुसला जातो, मान जरा तिरकी केली की कडेला उगवतो. एकदा दाढी करताना आरशासमोर उभे राहून म्हणाले, "अगं, मी दिसत नाही यात. पिशाच झालो वाटतं." आणि एकटेच हसत बसले. मी चिडले. "काहीतरी अभद्र बोलू नका हो." आता वाटतं, हसले असते मी पण, तर काय बिघडलं असतं?

सिनेमा बघणं बंद झालं. मग मी सांगायला लागले. ते सोफ्यावर, मी शेजारी, रिमोट माझ्या हातात. पण माझं सांगणं म्हणजे, "तो चालतोय. ती झोपलीय. आता दार उघडलं." बाबा विचारायचे, "कसं उघडलं?" मी म्हणायचे, "कसं म्हणजे? दार उघडतं तसं!" आठवडाभर घर, ऑफिस, नोएडाची मेट्रो, त्यांची औषधं, आणि रविवारी हे. कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. एका रविवारी फोनवर ऑफिसचं काही आलं आणि मी वीस मिनिटं शिल्लक असताना सिनेमा बंद केला. "संपला," म्हटलं. बाबांनी मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं. "इतक्यात मेला?" "हो." "बरं," ते म्हणाले. त्यांनी तो सिनेमा दहा-बारा वेळा तरी बघितला होता. शेवट कुठे आहे हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं, हे माझ्या डोक्यात आलं ते दुसऱ्या दिवशी मेट्रोत. घरी जाऊन मी काही बोलले नाही. तेही बोलले नाहीत.

तर अशात ती मुलगी आली.

मराठी मंडळाच्या दिवाळी फराळाला ती बाबांच्या शेजारी बसली होती. नगरकडची, सव्वीस वर्षांची. मुनिरकाला एका खोलीत तिघी जणी राहून यूपीएससीचा अभ्यास करत होती. आई मिशनच्या दवाखान्यात नर्स. तिच्या गळ्यात बारीक चांदीचा क्रॉस होता. बाबांना तो अर्थातच दिसला नाही. तिने सहज सांगितलं की ती ख्रिश्चन आहे, तर बाबा एकदम खुश. "म्हणजे तुझ्याकडे क्रॉस असणार! मग तुला पिशाचांची भीती नाही." मी कपाळाला हात लावला. पण ती हसली आणि म्हणाली, "आजोबा, तो जुन्या पिशाचांना चालायचा. नवीन पिशाचं क्रॉस हातात घेऊन सेल्फी काढतात."

झालं. बाबांनी तिथल्या तिथे तिला रविवारचं जेवण लावून दिलं. त्यांच्या वडिलांनी पुण्यात वार लावून शिक्षण केलं होतं. म्हणजे सोमवारी या घरी जेवायचं, मंगळवारी त्या घरी, असं सात घरी सात वार. बाबा म्हणाले, "दिल्लीत तुझा रविवार आमच्याकडे. माझ्या वडिलांना ज्यांनी जेवू घातलं त्यांनी तुला आत घेतलं नसतं बहुतेक. म्हणून तर तू यायचंच." मी मनात म्हटलं, वार यांनी लावला, पोळ्या कोण करणार?

तरी मी केल्या. ती दर रविवारी मुनिरकाहून रिक्षाने सरोजिनी नगरला यायची, तिथून मेट्रोने थेट मयूर विहार. बेल वाजवून दाराबाहेर उभी. मी दार उघडलं तरी आत यायची नाही, बुटांच्या लेस सोडवत रेंगाळायची. लाजायची, दुसरं काय. बाबा आतून ओरडायचे, "ये गं, ये, आत ये! घे, बोलावलं. आता पुढचं काही झालं तर दोष माझा!" मग ती दात विचकून, हाताचे पंजे करून आत यायची. बाबांना ते दिसत नव्हतं, म्हणून ती सांगायची, "आजोबा, मी आत्ता पंजे केलेत आणि दात काढलेत." आणि ते सोफ्यावर बसल्या बसल्या घाबरल्याचं नाटक करायचे. ब्याऐंशीचा माणूस!

जेवण झालं की पडदे. एक रविवार जुना सिनेमा, एक रविवार नवा, असा दोघांचा करार. आणि ती सांगायची. काय सांगायची! "आजोबा, जिना आहे, लांब, आणि त्याला कठडाच नाहीये. तो उतरतोय, पण पाय दिसत नाहीत, झग्यात आहेत. वाटतंय की जिनाच त्याला खाली सोडतोय. आता मेणबत्ती. आता ती मुलगी वळली. अहो, हिने पिन केवढ्या लावल्यात डोक्याला! एवढं संकट आलंय आणि हिचा अंबाडा ढळत नाही." बाबा हसून हसून लाल व्हायचे.

आणि वाद. बापरे, वाद! बाबांचं म्हणणं असं की पूर्वीच्या राक्षसाला काम असायचं, आताच्या राक्षसाला नुसतं दुःख असतं. "जो तो रडतोय. लहानपणी बाप मारायचा, म्हणून मी रक्त पितो. अरे, पी ना! कारण कशाला सांगतोस?" आणि वर हल्लीची पिशाचं देखणी, कॉलेजात जातात, मोटारी चालवतात, मुलीच्या प्रेमात पडून सिनेमाभर सुस्कारे टाकतात. बाबांना हे बिलकुल मंजूर नव्हतं. तिचं म्हणणं उलट. "तुमच्या सिनेमात बायकांना एकच काम, बेशुद्ध पडायचं. नाइटगाऊन घालायचा आणि बेशुद्ध पडायचं. आताच्या सिनेमात बाईच पिशाच असते, तिला भूक लागते, ती काय ते ठरवते. आणि आजोबा, कारण कळलं म्हणून माफ केलं असं थोडंच असतं? पण कळायला तर हवं." बाबा म्हणायचे, "कळून करायचं काय? शेवटी छातीत खुंटी ठोकायचीच ना?" ती म्हणायची, "ठोकायची. पण ठोकताना हात थरथरायला पाहिजे." त्यावर बाबांनी मान तिरकी करून तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "अच्छा. हे बरं बोललीस."

मधेच तिने हिंदीतले जुने केसाळ राक्षस काढले. हवेली, पुजारी, त्रिशूळ, आणि शेंदूर कालवल्यासारखं रक्त. बाबांचं आणि तिचं पहिल्यांदा एकमत झालं, की आपला राक्षस त्यातल्या त्यात प्रामाणिक. त्याला ना प्रेम करायचंय ना दुःख सांगायचंय, त्याला फक्त आळस देऊन उठायचंय. आणि हल्लीच्या काही सिनेमांत तर राक्षस दाखवतच नाहीत, नुसती रिकामी खोली दाखवतात आणि आवाज. बाबा म्हणाले, "मग तर माझ्यासारखाच बघणारा हवा त्याला." मी चहा गाळत ऐकत होते. मला हसू आलं होतं, पण मी ते बाहेर नेलं नाही.

कारण माझा जळफळाट सुरू झाला होता. स्वच्छ सांगते. सोमवार ते शनिवार डोळ्यांत थेंब मी घालायचे, नखं मी कापायचे, सोसायटीच्या लिफ्टपाशी हात मी धरायचे, आणि बाबा हसायचे ते रविवारी. माझ्याशी बोलताना बाबांचं वाक्य छोटं असायचं. "हो." "चालेल." "राहू दे." आणि तिच्यापुढे हा धबधबा. कुणी म्हणेल, अगं, लाव ना तू पण त्यांना तसं बोलायला. कसं लावू? मी दमलेली असायचे. आणि दमलेली नसले तरी मी तशी नाहीये.

मार्चमधला एक रविवार. मी शेवयांची खीर घेऊन बाहेर आले. सिनेमा ऐन रंगात. मी म्हटलं, "बाबा, खीर गरम आहे तोवर..." त्यांनी हात वर केला. "थांब गं जरा, मधे बोलू नकोस." मी वाटी टीपॉयवर ठेवली. ती बिचारी ओशाळली, तिने सिनेमा थांबवला. म्हणाली, "मावशी, तुम्ही सांगा ना पुढचं, मी खाते तोवर." तेव्हा बाबा म्हणाले, अगदी सहज, वाटी चाचपडत: "नको, नको. तू सांगतेस तेव्हा मला दिसतं. ही सांगते तेव्हा नुसतं ऐकू येतं."

त्यांना मला दुखवायचं नव्हतं. त्यांना तिचं कौतुक करायचं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझ्या पायापासून डोक्यापर्यंत आग गेली.

मंगळवारी वर्क फ्रॉम होम होतं. बाबा आतल्या खोलीत आडवे होते. मी बाल्कनीत कपडे वाळत घालता घालता तिला फोन लावला. आणि माझा ऑफिसचा आवाज काढला, तो गोड, मऊ, पाठीवरून हात फिरवणारा. म्हटलं, "अगं, तुझी प्रीलिम्स तोंडावर आलीय ना? आम्हाला फार अपराधी वाटतं, तुझा अख्खा रविवार जातो. आणि दुसरं म्हणजे, डॉक्टरांनी बाबांना सिनेमे बंद करायला सांगितलेत. त्या उजेडाने आणि एक्साइटमेंटने डोळ्यांतलं प्रेशर वाढतंय म्हणाले. तू वाईट वाटून घेऊ नकोस हं." डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. बाबांना प्रेशरचा आजारच नव्हता. ती म्हणाली, "हो मावशी. बरोबर आहे. मी आजोबांशी एकदा बोलू का?" मी म्हटलं, "नको गं, त्यांना जास्त वाईट वाटेल. थोडे दिवस जाऊ देत." बाबांकडे स्वतःचा फोन नव्हता. नंबर दिसत नाहीत म्हणून मीच तो बंद करून टाकला होता. म्हणजे सगळी दारं मी लावली, आणि ती मुलगी शेवटी म्हणाली, "थँक यू मावशी, तुम्ही माझा किती विचार करता."

बाबांना संध्याकाळी सांगितलं, "तिचा फोन होता. परीक्षा जवळ आलीय, आता यायला जमणार नाही म्हणाली." बाबा म्हणाले, "अभ्यास महत्त्वाचा." बस्स. एक प्रश्न नाही.

रविवारी मीच पडदे ओढले. "चला, कुठला लावू? मी सांगते." आणि मी जीव तोडून सांगितलं हो. जिना सांगितला, मेणबत्ती सांगितली, बाईचा अंबाडासुद्धा सांगितला. बाबा प्रत्येक वाक्याला "वा", "छान" म्हणत होते, पाहुण्यांकडे बेचव भाजी खाताना म्हणतात तसं. असे तीन-चार रविवार गेले. मग एक दिवस म्हणाले, "आज नको. जरा पडतो." पुढच्या रविवारी पण पडले. जून आला, जुलै आला. खिडकीवर टांगायची ती चादर, पडद्यांमधून ऊन येतं म्हणून तिने आणि बाबांनी मिळून हुक लावून टांगलेली, मी धुऊन घडी घालून कपाटात ठेवली. घरात रविवार म्हणजे दोन माणसं आणि पंख्याचा आवाज. मी जिंकले होते, आणि काय जिंकले होते ते शोधत घरभर फिरत होते.

फोन उचलून एवढंच म्हणायचं होतं की डॉक्टर आता हो म्हणाले, ये. एक खोटं दुसऱ्या खोट्याने मिटलं असतं. तेही केलं नाही मी. आज करू, प्रीलिम्स होऊ दे, निकाल लागू दे. ऑफिसात याला प्रोसेसमध्ये आहे म्हणतात.

नोव्हेंबरमध्ये मी बाबांसाठी गरम बनियन घ्यायला सरोजिनी नगरला गेले. आमचं जुनं क्वार्टर जिथे होतं तिथे आता पत्रे ठोकलेत आणि आत क्रेन. मार्केटात मात्र तीच झुंबड. स्वेटरच्या ढिगापाशी कुणीतरी "मावशी!" म्हणालं. दिल्लीत मावशी म्हटलं की मान वळतेच. ती होती. वाळली होती. प्रीलिम्स निघाली नव्हती, अटेम्प्ट अजून होते पण घरून आता पुरे म्हणाले होते. नगरला एका शाळेत नोकरी धरली होती. पुढच्या मंगळवारी ती कायमची जाणार होती. धाकट्या भावंडांसाठी स्वेटर घेत होती.

मी म्हटलं, "अगं, कळवलं नाहीस..." हे मी म्हटलं! माझी जीभ झडली कशी नाही.

ती म्हणाली, "मावशी, एक विचारू? खरं सांगाल?" वाटलं, कळलंय हिला. ती म्हणाली, "आजोबांच्या डोळ्यांना माझ्यामुळे तर त्रास झाला नाही ना? मी फार जोरात किंचाळायचे मधे मधे. त्यांना दचकवायचे मुद्दाम. आईला विचारलं मी, ती नर्स आहे ना, ती म्हणाली असं होत नाही सहसा. पण डॉक्टर म्हणाले म्हणजे काहीतरी असणारच. सारखं मनात येतं माझ्या."

आठ महिने. आठ महिने ही पोर मुनिरकाच्या त्या खोलीत बसून, अभ्यास करता करता, एका म्हाताऱ्याचे डोळे आपण घालवले म्हणून झुरत होती. आजूबाजूला फेरीवाले "सौ का एक, सौ का एक" ओरडत होते. मला तिथेच सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "नाही गं बाई. तुझ्यामुळे काही नाही झालं. तू रविवारी ये. जेवायला." तिचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. "सिनेमा नको, मी नुसती बसेन," ती म्हणाली. मी बनियन न घेताच परत आले.

मेट्रोत मी स्वतःसाठी नवा सिनेमा तयार करत होते. म्हणजे असा, की राक्षसिणीचं बालपण दाखवायचं. तिचं मोडलेलं लग्न, तिची पाठदुखी, तिची आई गेली ते वर्ष, नऊ वर्षं एकटीने ओढलेलं घर. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलंच पाहिजे. सगळं खरं होतं त्यातलं. आणि यमुना ओलांडेपर्यंत मलाच त्याचा वीट आला. बाबा म्हणायचे तसं, कारण कशाला सांगतेस?

शनिवारी चार वाजता चहा ठेवला आणि बाबांसमोर बसले. म्हटलं, "बाबा, मला काहीतरी सांगायचंय. ती मुलगी येत नाही ते परीक्षेमुळे नाही. मीच तिला येऊ नकोस म्हटलं. खोटं सांगितलं, डॉक्टरांचं नाव घेऊन. आणि तुम्हालाही खोटं सांगितलं."

बाबा बशीत चहा ओतत होते. बशीच्या कडेला बोट लावून ओततात, भरली की कळतं. त्यांनी ओतणं पूर्ण केलं.

"माहितीय मला," ते म्हणाले.

"कसं?"

"तू बाल्कनीत बोललीस ना. जाळीचं दार उघडं होतं. मी जागा होतो." फुर्र करून एक घोट घेतला. "माझे डोळे गेलेत गं, कान आहेत."

त्याच दिवसापासून! "अभ्यास महत्त्वाचा" म्हणाले तेव्हा माहीत होतं. मी जिने आणि मेणबत्त्या सांगत होते आणि ते "वा", "छान" म्हणत होते, तेव्हा माहीत होतं. मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत? एवढे महिने? ओरडायचं तरी माझ्यावर!"

बाबांनी मान तिरकी केली. मला बघायचं असलं की करतात तशी.

"भीती वाटली," ते म्हणाले.

"कुणाची?"

"तू चिडतेस ना," ते म्हणाले. ओशाळं हसले. "आता सगळं तुझ्याच हातात आहे माझं. उगाच कशाला."

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. आयुष्यात मी बाबांना कधी भ्यालेलं पाहिलं नव्हतं. थडगी उघडायची, पाठीमागून हात यायचे, तेव्हा मी त्यांच्या कुशीत घुसायचे आणि ते दाणे खात असायचे. तो माणूस आठ महिने माझ्यासमोर बसून घाबरत होता, आणि मला वाटत होतं तो झोपलाय. बाहेर आले तेव्हा त्यांनी बशी उचलून स्वतः ओट्यावर नेऊन ठेवली होती. भिंतीला हात लावत लावत. मी म्हटलं, "कशाला उठलात? पडला असतात!" आणि माझाच आवाज मला ऐकू आला. तो तसाच होता, चिडका.

रविवारी सकाळी मी कपाटातून चादर काढून हुकांना अडकवली. वरण-भात, बटाट्याची भाजी, शेवयांची खीर केली. बाबांनी स्वतःहून इस्त्रीचा सदरा मागितला. कुठला सिनेमा ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

बेल वाजली. मी दार उघडलं. ती बाहेर उभी होती, हातात मोसंब्यांची पिशवी, आणि लगेच खाली वाकून लेस सोडवायला लागली. मला माहीत होतं की आता बोलले नाही तर ती मंगळवारी निघून जाईल आणि जन्मभर ते ओझं बाळगेल. मी म्हटलं, "थांब. आधी ऐक. डॉक्टर काही म्हणाले नव्हते. बाबांना तुझ्यामुळे काहीही झालं नाही. मला तुझं इथे असणं सहन होईना, म्हणून मी खोटं बोलले." तिचे हात लेसवर थांबले. ती वाकलेलीच राहिली. तिच्या गळ्यातला तो बारीक क्रॉस साखळीला लोंबत हलत होता. मग ती सावकाश उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. रागाने म्हणावं तर राग नव्हता. पण ती आत आली नाही.

मी वाट बघत होते. आता आतून आवाज येईल, मोठा, सोसायटीभर जाईल असा, "ये गं, ये, आत ये!" त्या आवाजाने हे सगळं सुटेल, असं मला वाटत होतं. सोफा करकरला. बाबा उठून पॅसेजपर्यंत आले होते, इस्त्रीचा सदरा घालून, एक हात भिंतीवर. त्यांनी मान तिरकी केली, आधी दाराकडे, मग माझ्याकडे.

"अगं," ते हळूच मला म्हणाले, "ती आलीय ना? घेऊ का तिला आत?"